चारशे बारा संशयित

चारशे बारा वाक्यांवरची ‘संशयित’ ही खूण ताईनं एका शनिवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, एका आज्ञेत काढून टाकली. त्याला दोन सेकंदही लागले नाहीत. त्यातलं एकही वाक्य तिनं वाचलं नव्हतं.

ताई तंत्रशिक्षण संस्थेत संगणक शिकवायची आणि गेली अकरा वर्षं पगाराशी काहीही संबंध नसलेलं आणखी एक काम करत होती. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामिंगच्या भाषेची माहिती देणारी पानं ती इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायची. कोणती आज्ञा काय करते, ती कशी लिहायची, चुकली तर काय होतं, हे सगळं. तिच्याकडे राहणारी आई याला लष्कराच्या भाकऱ्या म्हणायची. “आणि लष्कर तरी कुठं दिसतंय,” असंही वर म्हणायची.

माणसांची भाषा बदलायला पिढ्या जातात. ही भाषा दर वर्षी ठरलेल्या महिन्यात, तारीख जाहीर करून बदलायची. नवी आवृत्ती आली की इंग्रजी पानं आधीच तयार असत आणि बाकीच्या भाषा धापा टाकत मागून येत. ताईच्या वाट्याला एकूण सहा हजार आठशे वाक्यं होती. मूळ वाक्य नवंच असेल, तर अनुवादाचं साधन समोरची जागा कोरी ठेवायचं. मूळ थोडंसंच बदललं असेल, तर जुना अनुवाद तसाच ठेवून त्याच्यावर संशयिताची खूण करायचं. कोणीतरी माणसानं दोन्ही ताडून बघावं आणि खूण काढावी, अशी अपेक्षा. तोवर वाचकाला त्या जागी इंग्रजी वाक्यच दिसे. पानात एकही संशयित उरला नाही, की माथ्यावर हिरवी पट्टी यायची: ‘नव्या आवृत्तीसाठी तपासलेलं’.

बहुतेक संशयित निर्दोष निघत. इंग्रजीत कोणी एखादा शब्द इकडचा तिकडे केलेला असे, एखादा दुवा बदललेला असे. अनुवाद होता तसाच चालायचा.

सुरुवातीला या कामाला पाच जण होते. एक परदेशी गेला, एकीला जुळी झाली, आणि एकानं गटाचं नाव काय ठेवायचं यापलीकडे कशात रस घेतला नव्हता. उरले दोघं. ताई, आणि एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले काका. त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणायचे. हे त्यांना ठाऊक होतं आणि पूर्णविराम म्हणत नाहीत यात ते समाधानी होते.

त्या शनिवारी सकाळी त्यांचाच फोन आला होता.

“काय बाई, कोठडीत किती आहेत आज?”

“चारशे बारा.”

“आणि कोरी?”

“तेराशे अठ्ठेचाळीस. आपण चौऱ्याहत्तर टक्क्यांवर आहोत काका. अकरा दिवसांनी आवृत्ती येतेय.”

ऐंशी टक्के ही रेघ होती. आवृत्तीच्या दिवशी जी भाषा रेघेखाली असेल ती संकेतस्थळाच्या यादीतून निघायची. पानं कुठंतरी असायची, पण वाचकाला तिथं पोचायला दारच नसायचं. मागच्या वर्षी दोन भाषा अशा गेल्या होत्या. त्यातली एकही परत आली नव्हती.

“चारशे वाक्यं हवीत,” ताई म्हणाली. “कोरी करायची तर रोजची छत्तीस-सदतीस. माझ्याकडं दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका पडल्यात. तुमचं डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी.”

“मग?”

“संशयितांना सोडून देते. सगळे सुटले की ऐंशी पूर्णांक दोन.”

“न वाचता?”

“नंतर वाचू. ताडून बघत बसले तर दहा दिवस त्यातच जातील. आधी यादीत तर राहू.”

“छापखान्यात कोणी ‘नंतर वाचू’ म्हणालं, की आम्ही शुद्धिपत्राची जागा राखून ठेवायचो.”

“इथं शुद्धिपत्र रोज छापता येतं काका.”

स्वल्पविराम म्हणाले, “तुम्ही कर्त्यासवरत्या आहात. शंभरातले नव्व्याण्णव तसेही साव असतात.”

अकरा दिवसांनी आवृत्ती आली आणि भाषा यादीत राहिली. ताईनं बहिणीला निरोप पाठवला: वाचलो. बहिणीचं उत्तर आलं: मला तर वाचायलाच तुझी पानं लागतात, तू वाचलीस म्हणजे मी वाचले.

बहीण त्रेचाळीस वर्षांची होती आणि तिला अजूनही बारकी म्हणतात यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. नदीमापन कार्यालयात ती कंत्राटावर टंकलेखक म्हणून लागली होती. नद्यांवर एकसष्ट ठिकाणी मोजपट्ट्या रोवलेल्या होत्या. तिथले पहारेकरी रोज सकाळी पाण्याची पातळी वाचून वहीत लिहायचे आणि वह्या कार्यालयात यायच्या. सतरा वर्षांच्या वह्या दोन खोल्यांत रचलेल्या होत्या. बारकीनं तीन वर्षांत त्या सगळ्या संगणकात उतरवल्या. उतरवता उतरवता तिच्या लक्षात आलं, की ती जे हातानं जोडत बसते ते यंत्र करू शकेल. तिला इंग्रजी यथातथाच यायचं. मग तिनं ताईची पानं पहिल्यापासून वाचायला घेतली, शाळेत पुस्तक वाचतात तशी, पेन्सिल हातात धरून. आठ महिन्यांनी तिचा पहिला प्रोग्राम चालला.

“तुझ्या पानांत मध्येच इंग्रजी येतं ना,” ती ताईला सांगायची, “ते मी कागदावर उतरवते आणि शेजारच्या टेबलावर नकाशेवाल्याकडं जाते. तो आधी टोमणा मारतो, मग अर्थ सांगतो. टोमण्याशिवाय अर्थ सांगितला असं एकदाही झालेलं नाही.”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, तुमच्या ताईचं दुकान आज अर्धंच उघडं दिसतंय.”

तिचा प्रोग्राम साधा होता. महिन्याच्या एक तारखेला तो नव्या नोंदी घ्यायचा आणि प्रत्येक ठिकाणाच्या नावानं फाइल लिहायला जायचा. त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर लिहिण्याची आज्ञा थांबायची आणि चूक दाखवायची. ती थांबली, की प्रोग्राम समजायचा की जुनं आहे, पुसायचं नाही, नवं त्याच्या शेवटी जोडायचं. बारकीनं ही युक्ती त्या आज्ञेच्या पानावरच्या एका वाक्यावरून काढली होती. वाक्य असं होतं: ‘त्या नावाची फाइल आधीपासून असल्यास आज्ञा थांबते आणि चूक दाखवते.’ नकाशेवाल्यानंही, टोमण्यासकट, तिला मानलं होतं. साहेबांनी तिचं नाव कायम करण्याच्या यादीत घातलं. आदेश दोन महिन्यांत येणार होता.

नवी आवृत्ती आल्यावर कार्यालयाच्या संगणक विभागानं परिपत्रक काढलं: सोमवारी सर्व यंत्रांवर नवी आवृत्ती बसवली जाईल, ज्यांचे प्रोग्राम आहेत त्यांनी ते तपासून फॉर्मवर सही करावी. बारकीच्या प्रोग्रामात नऊ आज्ञा होत्या. तिनं नऊच्या नऊ पानं उघडली. सगळ्यांच्या माथ्यावर हिरवी पट्टी होती. कुठंही इंग्रजी वाक्य नव्हतं. त्या दिवशी नकाशेवाल्याकडं जाण्याचं कारणच पडलं नाही. मग तिनं एका रिकाम्या फोल्डरमध्ये प्रोग्राम चालवून बघितला. रिकाम्या फोल्डरमध्ये जुन्या फाइली नव्हत्या, त्यामुळं तो नीट चालला. तिनं फॉर्मवर लिहिलं, ‘तपासले, अडचण नाही’, आणि सही केली.

पुढच्या एक तारखेला प्रोग्राम चालला तेव्हा ती कार्यालयात नव्हती. तो आपोआपच चालायचा. दुसऱ्या महिन्यालाही चालला. त्यानंतर दहा दिवसांनी साहेबांनी एका पुलाच्या कामासाठी एका ठिकाणची दहा वर्षांची पातळी मागितली. बारकीनं फाइल उघडली. त्यात एका महिन्याच्या तीस ओळी होत्या. तिनं दुसरी उघडली. मग उरलेल्या एकोणसाठ उघडल्या. सगळीकडं तेच. रोजचा बॅकअप मागच्या तीस दिवसांचाच ठेवला जायचा आणि पहिली एक तारीख होऊन चाळीस दिवस उलटले होते. कागदी वह्या वर्षभरापूर्वीच रद्दीत गेल्या होत्या. ‘सर्व नोंदी संगणकावर घेतल्या असल्याने’ असं रद्दीच्या आदेशात लिहिलं होतं आणि खाली साहेबांची सही होती.

छापील वार्षिक अहवालांत महिन्याची सरासरी तेवढी होती. म्हणजे सरासरी उरली आणि रोजचं पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, बारकी कार्यालयातून थेट ताईकडं आली. चपला नीट न काढताच आत आली. हातात दोन कागद होते. एक ताईच्या पानाची छापील प्रत, दुसरा तिच्या प्रोग्रामचा.

“ताई, मशीन बिघडलंय,” ती म्हणाली. “हे बघ, तुझ्या पानात लिहिलंय थांबते. ती थांबत नाहीये. सरळ पुसून नवं लिहितेय. काल आणि आज मिळून सात वेळा करून बघितलं. संगणकवाले म्हणतात मशीन ठीक आहे. मी म्हटलं, असं कसं ठीक आहे, इथं छापलंय.”

आई आतून म्हणाली, “आधी पाणी तरी पी. घोड्यावर बसून आल्यासारखी काय करतेस?”

“आई, थांब गं.”

ताईनं कागद हातात घेतला. पट्टी, वाक्य, तारीख. मग तिनं संगणकावर मूळ पान उघडलं. इंग्रजी वाक्य बरोबर त्याच जागी होतं, जवळजवळ तेवढ्याच लांबीचं. सुरुवात तीच होती. शेवट बदलला होता. फाइल आधीपासून असल्यास आज्ञा जुनी फाइल पुसते आणि नवी लिहिते. खाली बारीक अक्षरांत टीप होती, की पूर्वीसारखं थांबायला हवं असेल तर तसं वेगळं सांगावं लागेल.

“काय?” बारकी म्हणाली.

“मूळ बदललंय.”

“कधी?”

“याच आवृत्तीत.”

बारकी पडद्यावर वाकली. तिला तेवढं इंग्रजी कळायचं. तिनं ते वाक्य दोनदा, ओठ हलवत वाचलं.

“मग तुझ्या पानावर हिरवी पट्टी कशी?”

ताईला याचं उत्तर ठाऊक होतं. ती म्हणाली, “राहून गेलं असणार.”

“कोणाकडून?”

“आमच्यापैकी कोणाकडून तरी.”

“त्या स्वल्पविरामांकडून? त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना त्या वेळी?”

ताई काही बोलली नाही. बारकीनं ते होकारासारखं घेतलं. “बिचारे,” ती म्हणाली, आणि पाणी प्यायला आत गेली. आईनं तिला विचारलं की एवढं काय गेलं, आणि ती सतरा वर्षांचं पाणी गेलं म्हणाली तेव्हा आई म्हणाली, “पाणी जातंच. तुझी नोकरी गेली नाही ना?”

“बघायचं,” बारकी म्हणाली. “चौकशी आहे पुढच्या सोमवारी. हा कागद आहे माझ्याकडं. मी न वाचता सही केलेली नाही, हे तरी दाखवता येईल.”

ती गेल्यावर ताईनं स्वल्पविरामांना फोन केला आणि घडलं ते सगळं सांगितलं. आपण काय बोललो नाही तेही सांगितलं.

“म्हणजे मी आंधळा ठरलो,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “असू दे. ते वाक्य दुरुस्त केलंत का?”

“नाही केलं.”

“का?”

“सोमवारी चौकशी आहे. पान आज बदललं तर ती काय दाखवणार? तिच्या हातात तेवढा एकच कागद आहे काका.”

“बाई, ते पान ती एकटी वाचते का? दुसऱ्या कोणाची तरी सतरा वर्षं उद्या सकाळी पुसली जातील.”

“सोमवारपर्यंत थांबा. सहा दिवसांचा प्रश्न आहे.”

“छापलेली चूक दिसल्यावर सहा मिनिटंसुद्धा थांबायची सवय नाही मला,” स्वल्पविराम म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि अर्ध्या तासात ते वाक्य स्वतः दुरुस्त केलं. त्यांचं बरोबर होतं हे ताईला कळत होतं, आणि तरी रविवारपर्यंत तिनं त्यांचा फोन घेतला नाही.

शनिवारी ती बारकीच्या घरी गेली. बारकी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, कागदांची फाइल लावत होती. ताईनं बसायच्या आधीच सांगितलं, कारण बसल्यावर आपल्याला जमणार नाही असं तिला वाटलं.

“स्वल्पविरामांनी नाही, मी केलं. चारशे बारा वाक्यांवरच्या खुणा मी एकदम काढल्या. न वाचता. भाषा यादीतून जाऊ नये म्हणून.”

बारकीनं फाइलमधलं एक पान काढलं आणि परत त्याच जागी घातलं.

“म्हणजे खूण राहिली असती तर तिथं इंग्रजी दिसलं असतं?”

“हो.”

“मी ते उतरवून नकाशेवाल्याकडं गेले असते.”

“हो.”

“तो म्हणाला असता, ताईचं दुकान अर्धंच उघडं आहे.” तिनं फाइल मिटली. “आणि मी वाचले असते. मग हे तू तिथं येऊन सांग. सोमवारी, अकरा वाजता.”

चौकशी साहेबांच्या केबिनशेजारच्या लांबट खोलीत झाली. भिंतीवर नद्यांचा मोठा नकाशा होता आणि त्यावर एकसष्ट लाल टाचण्या. मुख्य कार्यालयातून आलेल्या चौकशी अधिकारी मॅडम शांत होत्या, कोणाला मध्ये तोडत नव्हत्या, आणि प्रत्येक उत्तर स्वतःच्या हातानं लिहून घेत होत्या. साहेब त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. समोर बारकीची सही असलेला फॉर्म होता.

ताईनं सगळं सांगितलं. तारीख, आकडे, खुणा. वर्गात समजावून सांगते तसं, पायरी पायरीनं. मॅडमना सगळं समजलं. तोच घोळ झाला.

“हे काम तुम्ही कोणत्या संस्थेतर्फे करता?”

“स्वतःहून करतो. कोणीही करू शकतं.”

“म्हणजे या पानाला कोणी अधिकृत जबाबदार नाही.”

“मी आहे.”

“तुम्ही आहात, हे कळलं मला. तुमचं आणि यांचं नातं?”

“सख्खी बहीण.”

मॅडमनी ते लिहिलं. साहेबांनी नकाशाकडं बघितलं.

“मी आज सकाळी हे पान उघडून बघितलं,” मॅडम म्हणाल्या. “त्यात थांबते असं कुठंही नाही. पुसते असंच आहे.”

“ते गेल्या मंगळवारी दुरुस्त केलं.”

“कोणी?”

“माझ्या सहकाऱ्यांनी.”

“म्हणजे चौकशीची तारीख ठरल्यानंतर.”

“चूक कळल्या दिवशी केलं. चौकशीशी त्याचा संबंध नाही. पानाचा सगळा इतिहास तिथं दिसतो, कधी कोणी काय बदललं ते. माझं नाव आहे त्यात.”

“आहे. तेही बघितलं मी. त्यामुळंच विचारते. आरोप तुमच्या बहिणीवर आहे. त्या सांगतात, मी एका पानावर विसंबले. ते पान तुम्ही लिहिलेलं. आता ते बदललेलं. आणि चूक माझी होती हे सांगायला तुम्हीच आलेल्या.” त्या आरोपाच्या सुरात बोलत नव्हत्या. “मी तुम्हाला खोटं ठरवत नाही. पण हे मी अहवालात कसं लिहू, ते तुम्हीच सांगा.”



मॅडमनी समोरच्या संगणकावर ते पान खाली सरकवलं. “शिवाय इथं शेवटी एक ओळ आहे. मूळ आणि अनुवाद यांत फरक असल्यास मूळ ग्राह्य धरावे. ही ओळ जुनीच दिसते.”

“पहिल्या दिवसापासूनची.”

“कोणी घातली?”

“मीच.”

त्या वेळी बारकी पहिल्यांदा बोलली. “मॅडम, एक विचारू? वह्या रद्दीत कोणी पाठवल्या, हे या चौकशीत येतं का?”

“येत नाही,” मॅडम म्हणाल्या. “आदेश त्या वेळी योग्य होता.”

बाहेर आल्यावर नकाशेवाला व्हरांड्यात उभा होता. बारकीला बघून तो काहीतरी बोलणार असं वाटलं. तो बोलला नाही. त्यानं फक्त तिला वाट दिली. मग बारकी ताईला म्हणाली, “चला, आटोपलं.”

कंत्राटाचं नूतनीकरण होणार नाही असं पत्र तीन आठवड्यांनी आलं. कारणाच्या जागी ‘पडताळणी न करता प्रमाणित केल्यामुळे’ असं लिहिलं होतं. त्याच दिवशी कार्यालयात परिपत्रक लागलं, की यापुढे संगणकीय भाषांची माहिती फक्त मूळ इंग्रजी पानांवरूनच घ्यावी. नकाशेवाल्यानं त्याचा फोटो बारकीला पाठवला. सोबत एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

ताईनं चारशे बारा वाक्यं वाचायला घेतली. उत्तरपत्रिका संपल्या होत्या, कोणी घाई करत नव्हतं. संस्थेतून आल्यावर ती बसायची आणि सातच्या सुमाराला आई हाक मारेपर्यंत वाचायची. जुनं मूळ, नवं मूळ, अनुवाद. जिथं काही बदल नाही तिथं पुढं. तिनं दहा दिवसांचा अंदाज बांधला होता. कधी घड्याळ लावून बघितलं नव्हतं. चौथ्या संध्याकाळी, पावणेसातला, यादी संपली. चारशे तीन वाक्यं होती तशीच बरोबर होती. चुकीची नऊ निघाली, त्यातलं एक स्वल्पविरामांनी आधीच सुधारलेलं. उरलेली आठ तिनं वीस मिनिटांत दुरुस्त केली. टक्केवारी ऐंशी पूर्णांक दोनच राहिली. आता ती खरी होती.

हे तिनं स्वल्पविरामांना कळवलं. “शाबास,” ते म्हणाले. मग तेच म्हणाले, “पुढच्या आवृत्तीचा मसुदा आलाय. या खेपेला त्यांनी सगळ्या पानांची मांडणीच बदललीय. संशयित दोन हजार नऊशे.”

“बघू,” ताई म्हणाली.

बारकी महिन्यातून दोनदा आईला भेटायला यायची. ते तिनं बंद केलं नाही. येताना भाजी आणायची, आईची नखं कापून द्यायची, आईशी नेहमीसारखी वाद घालायची. ताईशीही बोलायची. मीठ कुठं ठेवलंस, पंखा लाव, एवढं. एका रविवारी दुपारी आई आत झोपली असताना तीच होऊन ताईच्या टेबलापाशी आली. पडद्यावर नव्या मसुद्यातलं एक वाक्य उघडं होतं. सकाळपासूनचं तेच.

“ती वाचलीस का मग? चारशे बारा?”

“वाचली.”

“किती चुकीची होती?”

“नऊ.”

“नऊच.” ती पाठीमागच्या पलंगाच्या कडेला बसली. “आणि वाचायला किती दिवस लागले?”

ताईनं खोटं बोलायचा विचार केला. एकदा बोलून झालं होतं. “चार संध्याकाळी,” ती म्हणाली.

“तेव्हा तुझ्याकडं किती दिवस होते?”

“अकरा.”

बारकीनं मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

“माझं वाक्य कितवं होतं?”

“एकशे अठ्ठावन्नावं.”

“म्हणजे दुसऱ्या संध्याकाळी.”

“दुसऱ्या.”

आतल्या खोलीत आई कूस बदलताना कण्हली. दोघींनी कान दिले. पुढं काही आवाज आला नाही.

“मी एका ठिकाणी अर्ज केलाय,” बारकी म्हणाली. “गोदामात, नोंदी घ्यायला. तिथं फॉर्मवर एक चौकट होती. संगणकाची कोणती भाषा येते का.”

“काय लिहिलंस?”

“नाही लिहिलं.”

“म्हणजे रिकामी सोडलीस?”

“रिकामी नाही सोडली. ‘नाही’ असं लिहिलं.” ती उठली. “आठ महिने पेन्सिल घेऊन बसायचे मी ताई. सगळी पानं काढून ठेवली होती, कपाटात वेगळा खण केला होता. परवा तो खण रिकामा केला. नंतर लक्षात आलं की यातली बरोबर कुठली आणि चुकीची कुठली हे मला कधी कळलंच नसतं. मी सगळीच खरी धरून शिकले. मग येतं असं कसं लिहू?”

“नऊच होती गं.”

“तुला आता माहीत आहे नऊ. मला तेव्हा कुठं माहीत होतं.”

तिनं पिशवी घेतली, आईच्या खोलीत डोकावून बघितलं आणि दार हलकेच ओढून घेतलं. जिन्यावरून तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. ताई पडद्याकडं वळली. वाक्य सोपं होतं. जुनं मूळ, नवं मूळ, अनुवाद, तिन्ही एकमेकांशी जुळत होती; मांडणीखेरीज काहीही बदललेलं नव्हतं. तिनं ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग आणखी एकदा. खूण काढायला हात काही पुढं झाला नाही, आणि खाली अजून दोन हजार आठशे नव्व्याण्णव होती.